सुटली म्हण

वरसे, २ मार्च २०२६

यज्ञेश,

पत्राच्या सुरुवातीला 'प्रिय' लिहायची पद्धत आहे. मी ती सोडली.

पासवर्ड सांग.

क्लासमधल्या आठही मशीनना तू जे कुलूप घालून ठेवलंस ना, चालू करताना एफ-टू दाबलं की जी निळी पाटी येते आणि पासवर्ड मागते, तो. पोस्टकार्डावर एका ओळीत लिहिलास तरी चालेल. पोस्टमन वाचेल तर वाचू दे. नवऱ्याने अकरा वर्षं बायकोपासून लपवून ठेवलेली गोष्ट आहे, त्याचीही करमणूक होईल.

नंबर बदललास, नवा मला दिला नाहीस, आईंनाही दिला नाहीस. हा पत्ता प्रणितकडून मिळवला. पेणला त्याच्या दुकानात जाऊन स्टुलावर ठाण मांडून बसले आणि गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने बोलायला लागले, तेव्हा कुठे साहेबांनी कागदावर खरडून दिला. मित्र तुझाच, त्यामुळे नंबर मात्र देईना. "वहिनी, त्याने सक्त मनाई केलीय." पत्ता बडोद्याचा आहे आणि त्यात 'द्वारा' म्हणून एका बाईचं नाव आहे. ते पाकिटावर मी नीट, सुवाच्य लिहिलंय. माझं अक्षर चांगलं आहे, तुला माहीत आहे.

आता कशाला हवा पासवर्ड, म्हणशील. विंडोज दहाचा कारभार ऑक्टोबरातच आटोपला आणि अकरावं विंडोज आपल्या मशीनना उंबऱ्याच्या आत घेत नाही. 'हे मशीन पात्र नाही' असं तोंडावर सांगतं. एका कंपनीचा ड्रॉइंग विभाग बंद झाला तेव्हा लिलावात तू ही वर्कस्टेशनं उचललीस आणि टेम्पोतून उतरवताना अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं म्हणालास, "रणगाडे आहेत रणगाडे, वीस वर्षं हलायचे नाहीत." हलत नाहीत हे अगदी खरं आहे. एकेक खोकं उचलताना माझी कंबर धरली.

म्हणून लिनक्स घालायचं ठरवलं. जुन्या मशीनवर चालतं, मराठी टायपिंग होतं, कुणाच्या पाया पडावं लागत नाही. व्हिडिओ बघून बघून पेनड्राइव्ह तयार केला, लावला. मशीन त्याच्याकडे ढुंकूनही बघेना. कारण तू आत सेटिंग करून ठेवलंयस, हार्ड डिस्क सोडून दुसऱ्या कशावरूनही सुरू व्हायचं नाही. आणि ते बदलायचं तर पासवर्ड.

चार एप्रिलला मुलींच्या शाळेची समिती आपला क्लास बघायला येते आहे. 'आपला' चुकून लिहिलं. माझा. शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत गेल्या पावसात पाणी शिरलं, सगळं गेलं, आणि जूनपासून आठवी ते दहावीच्या मुली माझ्याकडे पाठवाव्यात असं मुख्याध्यापिका बाईंच्या मनात आहे. आठ मशीनं चालू दिसली पाहिजेत, एवढीच अट. या क्लासवर आमची चूल पेटते. नाही दिसली, तर मी पेणला दादाकडे जायचं. त्याच्या हमरापूरच्या कारखान्यात गणपतींच्या सोंडा रंगवायच्या, कारण डोळे काही मला कुणी रंगवू देणार नाही. आणि आईंनी कुठे जायचं, ते मात्र तू सांग. त्या माझ्या आई नव्हेत.

आई बऱ्या आहेत. गुडघा दुखतो. तुझी आठवण काढतात का, ते मी लिहिणार नाही.

ऋजुता


वरसे, ११ मार्च २०२६

यज्ञेश,

उत्तर नाही. ठीक. पत्र परत आलं नाही, म्हणजे कुणीतरी घेतलंय.

तीनदा चुकीचा शब्द टाकला की तुझं मशीन भोंगा वाजवतं आणि गप्प होतं. मग मागचं बटण बंद करायचं, पुन्हा चालू करायचं, पुन्हा तीन शब्द. आठवडाभर हेच चाललंय. समोरच्या सरूवहिनी विचारून गेल्या, "काय गो, गिरण टाकलीस काय घरात?"

तुझी जन्मतारीख टाकली. आईंचं नाव, बाबांचं नाव, दोन्ही जोडून. रोह्याच्या ग्रामदैवताचं, धावीर महाराजांचं नाव. तुझ्या बाइकचा नंबर. तुझ्या कॉलेजचं नाव. आपल्या लग्नाची तारीखही टाकली. ती नसणार हे माहीत होतं, पण एकदा नाही म्हणवून घेतलं म्हणजे बरं असतं. मग पाकिटावरचं नाव टाकलं. आधी नुसतं नाव, मग आडनावासकट. तेही नाही. तिला सांग, तिचंही नाही. दोघींनाही सारखंच वागवलंस, एवढं समाधान.

तुला आठवतं का, मशीन बिघडलं की तू खुर्चीत बसायचास, उजव्या हाताने टाइप करायचास आणि डावा तळहात कीबोर्डवर छपरासारखा धरायचास. मी शेजारी चहाचा कप घेऊन उभी असायचे. "बघू नको गं," असं हसत हसत म्हणायचास. मीही हसायचे आणि मान वळवायचे. मुली काहीबाही दाबतात म्हणून कुलूप, असं सांगायचास. मुली रात्री घरी जायच्या रे. घरात राहणारी मी एकटीच होते.

असो. दुसरी वाट धरून पाहिली. एका मशीनची हार्ड डिस्क काढली, आतल्या खोलीतल्या माझ्या पीसीला जोडली (तो दादाने दिलेला, त्याला कुलूप नाही), तिच्यावर लिनक्स चढवलं. छान चढलं. मला इतका आनंद झाला की शिरा केला. डिस्क परत रणगाड्यात बसवली आणि बटण दाबलं, तर काळा पडदा आणि एक ओळ, बूट करण्यासारखं काही सापडत नाही. दिवसभर डोकं फोडलं तेव्हा कळलं की डिस्क वाचायची याची तऱ्हाच वेगळी लावून ठेवलेली आहे. ती बदलायची सोय कुठे, तर निळ्या पाटीच्या आत. डोंबल माझं! शिरा आईंनी आणि मी गपचूप खाल्ला.

प्रणितला फोन केला. तो आधीपासून एकच पालुपद लावून बसलाय. "वहिनी, भंगारात घाला हो. मीच येऊन उचलतो आठही, टेम्पो घेऊन." भंगाराची एवढी ओढ मी पहिल्यांदाच बघते आहे.

आणखी एक. मी मशीनसमोर बसले की आई उठून अंगणात जातात. एरवी टीव्हीसमोरून हलत नाहीत. भोंगा वाजला की बाहेरून विचारतात, "नाय झालं?" आणि मी नाही म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडल्यासारखा दिसतो. मला उगाच वाटत असेल.

ऋजुता


वरसे, २० मार्च २०२६

यज्ञेश,

उगाच वाटत नव्हतं.

काल पाडवा. गुढी मी उभारली. उंच काठी खिडकीला बांधताना दरवर्षी तू शिव्या घालायचास, यंदा मी घातल्या. आईंनी देवाची पूजा आटोपून रिवाजाप्रमाणे मशीननाही हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. दसऱ्याला टाकतात, पाडव्यालाही टाकतात. मी तिकडेच बसून शब्द टाकत होते. 'रोहा' टाकलं, भोंगा. आई माझ्या मागे उभ्या होत्या, हातात कुंकवाचा करंडा. आणि एकदम म्हणाल्या, "असा नाय मिळायचा गो तुला तो. सरळ शब्दच नाय तो."

माझे हात कीबोर्डवरच राहिले. "सरळ नाही, हे तुम्हाला कसं माहीत?"

त्यांनी करंड्याचं झाकण लावलं.

"आई, तुम्हाला माहीत आहे तो पासवर्ड?"

"मला काय विचारू नको. त्याने शपथ घातलीय."

मग सगळं बाहेर आलं. तू निघालास त्या सकाळी, मी निडी गावात क्लासमधल्या एका मुलीच्या घरी गेले होते, तेव्हा तू आईंना पलंगावर बसवलंस आणि ती अक्षरं पाठ करून घेतलीस. शाळेत पाढे घोकून घेतात तशी. आणि म्हणालास, "मशीनं काढायची वेळ आली की प्रणितला सांग. ऋजुताला नको. माझी शपथ आहे तुला." बरोबर ना? एखादा शब्द इकडचा तिकडे झाला असला तर कळव.

म्हणजे प्रणितची भंगाराची ओढ ही अशी, भंगारात उचलायची आणि कुलूप उघडून विकायची. आणि तुला तेव्हाच माहीत होतं की मशीनं काढायची वेळ येणार आहे. मला म्हणाला होतास, सहा महिन्यांत सगळं मार्गी लागेल, मग येतोच. मी स्टेशनवर डबा द्यायला आले होते रे तुला. थालीपीठं होती.

पण मला तुझ्यापेक्षा आईंचा राग आला, खरं सांगते. तू गेल्यापासून या बाईला मी आंघोळीचं पाणी काढून देते, गुडघ्याला तेल लावते, आणि ही बाई माझ्या पाठीमागे उभी राहून मला भिंतीवर डोकं आपटताना बघते आहे! मी म्हटलं, "आई, अहो, शपथेने कुणी मरतं का?"

त्या म्हणाल्या, "मरतं."

मग बाबांचं सांगितलं. तू पुण्याला शिकत होतास, बाबांच्या पोटात गाठ निघाली, आणि त्यांनी आईंना स्वतःच्या गळ्याची शपथ घातली की परीक्षा होईपर्यंत पोराला कळवायचं नाही. आईंना राहवलं नाही. त्यांनी शेजारच्यांच्या फोनवरून तुला कळवलं. तू गाडीत बसलास आणि इकडे बाबा गेले. आई म्हणतात, गाठीने नाही गेले, माझ्या तोंडाने गेले. हे तुला त्यांनी कधी सांगितलं होतं? मला वाटतं सांगितलं असणार. आणि म्हणूनच तू पासवर्डला शपथेचं कुलूप लावलंस. तुला बरोबर माहीत होतं, हे कुलूप कुठल्याच पेनड्राइव्हने उघडायचं नाही.

"त्याला सुटली म्हणायला लाव," आई म्हणाल्या. "त्याने एकदा सुटली म्हटलं की मी लगेच सांगते. तोवर नको विचारू गो बाई."

लहानपणी सगळेच म्हणतो आपण. शपथ घालायची, मन भरलं की 'सुटली' म्हणून मोकळं करायचं. ज्याने घातली त्यानेच म्हणायचं, दुसऱ्याने म्हटलेलं चालत नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस, बडोद्याला नोकरीला, आणि त्याला मी पत्र लिहिते आहे की बाबा रे, आईला सुटली म्हण.

त्यावर मी आईंना काय बोलले ते इथे लिहीत नाही. बोलले, एवढंच.

ऋजुता


वरसे, २८ मार्च २०२६

यज्ञेश,

मशीनं उघडली. तुझ्याशिवाय.

सविस्तर लिहिते. वाचताना तुझा चेहरा मला दिसायला हवा होता. आधी मी एका मशीनचं पोट उघडलं आणि आतली गोल बॅटरी काढून ठेवली. व्हिडिओत तो मुलगा छातीठोकपणे सांगत होता की बॅटरी काढा, पासवर्ड गेलाच समजा. बॅटरी परत लावली. पासवर्ड तस्साच, तारीख मात्र गेली. मशीन म्हणायला लागलं, आज १ जानेवारी २०१०. आपलं लग्न व्हायच्या आधीची. मी त्याला म्हटलं, तुझं बरं आहे बाबा.

मग कळलं की ही कंपन्यांसाठी बनवलेली मशीनं, यांचा पासवर्ड बॅटरीवर जगत नाही. वेगळ्या चिपमध्ये असतो. पण बोर्डावर कुठेतरी दोन पिना असतात, त्यांच्यावर एवढीशी निळी प्लास्टिकची टोपी, टिकलीएवढी. मशीन बंद करायचं, टोपी काढायची, चालू करायचं. पासवर्ड पुसला. खलास. बनवणाऱ्यांनीच सोय करून ठेवलेली आहे, कारण त्यांना माहीत असणार, कुणीतरी चावी घेऊन पळून जाणार.

टोपी सापडेना. दोन दिवस टॉर्च घेऊन आत तोंड घालून बसले. ग्राफिक्सच्या त्या धिप्पाड कार्डाखाली ती लपलेली होती, आणि तिच्यावर काय होतं सांगू? कुंकू. वर्षानुवर्षांचं. वरच्या जाळीतून झिरपून धुळीत मिसळून त्याचा लगदा झालेला आणि त्यात अक्षतांचे तांदूळ चिकटलेले. आईंची सगळी भक्ती त्या टोपीवर साचली होती. दात घासायच्या ब्रशने साफ केली, भुवया कोरायच्या चिमट्याने उचलली, बटण दाबलं. एफ-टू. निळी पाटी आलीच नाही, थेट आत! मी एकटीच मोठ्याने ओरडले. अकरा वर्षं जी पाटी बघून मान वळवली, तिच्या आत काय होतं म्हणशील? काही नाही रे. पंख्याचा वेग, तारीख, कुठून सुरू व्हायचं त्याची यादी. एवढ्यासाठी तू हात आडवा धरायचास.

पुढेही सुखासुखी झालं नाही. लिनक्स चढलं आणि चालू होताना पडदा काळा. ते जुनं कार्ड त्याला कळेना. सुरू होतानाच्या ओळीत एक शब्द घालायचा असतो, 'nomodeset', मग ते निमूट साधं चित्र दाखवतं. तो शब्द मला एका परक्या माणसाने, मी न विचारता, इंटरनेटवर पाच वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेला सापडला. बघ, सांगणारे असे सांगतात. त्यानंतर अपडेट होईना, 'प्रमाणपत्र अजून लागू झालेलं नाही' म्हणे. म्हणजे काय, तर मशीन २०१० मध्येच बसलेलं. तारीख दुरुस्त केली. आणि शेवटी मीच माती खाल्ली. बसवताना कीबोर्ड मराठी निवडला, पासवर्ड टाकला, मशीन परत सुरू झालं ते इंग्रजी कीबोर्ड घेऊन. माझाच शब्द मलाच टाकता येईना! पुन्हा पहिल्यापासून.

सात झाली. आठव्याच्या पिनाच मोडलेल्या होत्या, त्याच्या जागी माझा पीसी ठेवला. तुझ्या रणगाड्यांत तो जरा सडपातळ दिसतो.

तेव्हा पासवर्ड मला नको. पुन्हा मागणार नाही.

पण आईंचं बघ. पाडव्यापासून त्या धड जेवत नाहीत. शब्द आपल्याला माहीत आहे असं बोलून गेलो म्हणजे अर्धी शपथ मोडलीच, असं त्यांच्या मनाने घेतलंय. मशीन उघडलं ते त्यांना दाखवायला गेले, तर त्या रडायलाच लागल्या. "माझ्यामुळे उघडलं," म्हणतात. टोपी दाखवली, चिमटा दाखवला, कुंकू दाखवलं. पटत नाही. परवा पाहते तर पिशवी भरून दारात उभ्या. कुठे निघालात म्हटलं, तर म्हणाल्या, "तूच म्हणालीस ना, त्याच्याकडे जा." मी रागात काहीतरी बोलले असेन. पिशवीत दोन लुगडी, गुडघ्याचं तेल आणि तुझा मुंजीतला फोटो होता. पत्ता कुठे होता त्यांच्याकडे? मी पिशवी उतरवून घेतली.

फोन कर. दहा सेकंदांचं काम आहे. 'आई, सुटली.' बाकी काही बोलू नकोस, बोलायला तुझ्याकडे काही नसेलच. माझा नंबर तोच आहे.

हे पत्र पोचपावतीने पाठवते आहे.

ऋजुता


वरसे, ६ एप्रिल २०२६

यज्ञेश,

पोचपावती आली. सही तिची आहे. अक्षर बरं आहे.

समिती आली, बघितलं, पसंत पडलं. जूनपासून मुली येणार. मुख्याध्यापिका बाईंनी मशीन चालू करून स्वतः चार ओळी मराठीत टाइप केल्या आणि खूश झाल्या. समितीतले हैबतराव म्हणाले, "छान आहे, छान आहे. पण सर कुठे आहेत? मशीनं कुणी बसवली?" मी म्हटलं, सर नाहीत. मीच बसवली. "नाही, म्हणजे, बिघडली तर कोण बघणार?" मी म्हटलं, मीच. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा दारावरच्या तुझ्या नावाकडे बघितलं. संध्याकाळी मी ती पाटी उतरवली. पलंगाखाली आहे, हवी असली तर घेऊन जा.

प्रणितही नेमका त्याच दिवशी टेम्पो घेऊन आला होता. त्याला चहा दिला आणि चालू मशीनसमोर बसवला. चहा अर्धा टाकून गेला.

मला आनंद झालाय. लिहिते, कारण इथे सांगायला कुणी नाही. आईंना सांगितलं तर त्यांनी विचारलं, "त्याचा फोन आला?"

काल टीव्हीवर गुजरातेतल्या हायवेवर कुठली तरी बस उलटल्याची बातमी लागली. त्या उभ्या होत्या, तशाच खाली बसल्या आणि बसल्या त्या आडव्या झाल्या. डॉक्टर येऊन गेले. प्रेशर वाढलंय, पोटात अन्न नाही, मनाला कसली तरी टोचणी आहे, म्हणाले. कसली, ते मी त्यांना काय सांगू? आमच्या ह्यांनी कॉम्प्युटरला पासवर्ड घातलाय म्हणून?

यज्ञेश, मी तुला परत ये म्हणत नाही. त्या बाईला सोड म्हणत नाही. अगदी मनापासून सांगते, येऊ नकोस. पण तुझी आई स्वतःला तुझी मारेकरी समजते आहे, आणि तू तिकडे धडधाकट जेवतो आहेस. फोन कर रे मेल्या.

बाई, हे पत्र तुम्ही फोडलं असेल तर तुम्ही तरी त्याला सांगा. तुमच्यावर माझा राग आहे, तो वेगळा ठेवते.

ऋजुता


वरसे, २९ एप्रिल २०२६

यज्ञेश,

हे शेवटचं. आता तुला कळवायला काही उरलेलं नाही, फक्त मी काय केलं ते सांगून ठेवते, नाहीतर गोंधळ होईल.

आईंनी पाणीसुद्धा नको म्हणायला सुरुवात केली. पंधरा दिवसांपूर्वी एका दुपारी मी क्लासमधून आत गेले, त्यांच्या उशाशी बसले आणि म्हटलं, "आई, यज्ञेशचा फोन आला होता."

डोळे उघडले त्यांनी. किती दिवसांनी नीट उघडले.

"सुटली म्हणाला," मी म्हटलं. "आईला सांग, सुटली. दोनदा म्हणाला."

"खरं?"

"खरं."

"तुझ्या गळ्याची शपथ?"

मी म्हटलं, "माझ्या गळ्याची शपथ." घे. घातली मी. माझा गळा दणकट आहे, तुझ्या संसारात बराच आवळून झालाय.

त्या उठून बसल्या. मला म्हणाल्या, पाट आण, इथे बस, आता सांगते तुला तो शब्द, माझ्या छातीवरचा धोंडा उतरू दे. मी म्हटलं, आई, आता नकोय तो, मशीनं चालू आहेत. ऐकेनात. तेव्हा बसले मी पाटावर, मांडी घालून. त्यांनी डोळे मिटले, बोटाच्या पेरांवर अंगठा ठेवला आणि म्हणायला लागल्या. "वाय. मग आठ. मग टी... नाय, आधी टी. टी, मग वाय, मग ते हे, काय ते, वाकडं असतं ते... आठ. नाय गो. आठ शेवटी होतं." पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा वेगळंच. तीन वेळा म्हटलं आणि तिन्ही वेळा वेगळं आलं.

त्यांना आठवत नाही, यज्ञेश. कधीचाच आठवत नसणार. विसरू नये म्हणून त्या रोज जपाबरोबर मनात घोकत होत्या, म्हणे, आणि घोकून घोकूनच तो झिजून गेला. प्रणितलाही काही मिळालं नसतं. मलाही नसतं. ज्या शब्दापायी ही बाई अन्नावाचून मरायला निघाली होती, तो शब्द तिच्याकडे नव्हताच.

माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "बरोबर आहे ना गो?"

मी म्हटलं, "अगदी बरोबर. हाच."

त्या रडल्या, मग हसल्या, मग म्हणाल्या भूक लागली. मऊ भात केला, मेतकूट आणि तूप घालून. सगळा खाल्ला. मी मागल्या दारी जाऊन उभी राहिले आणि मला इतकं रडू आलं की सरूवहिनी धावत आल्या. त्यांना वाटलं, आई गेल्या.

आता आई बऱ्या आहेत. जेवतात, टीव्ही बघतात, मुलींना दटावतात. पण रोज सकाळी उठल्या उठल्या एकच चालू असतं. परत कधी करणार म्हणाला? मला का नाय दिलास फोन? काय काय बोलला? मी सांगते, आई, तुम्ही झोपला होता, उठवू नको म्हणाला. रविवारी करेल म्हणाला. मग रविवार येतो आणि मला नवीन काहीतरी रचावं लागतं. काल विचारत होत्या, आवाज कसा होता त्याचा? पटकन काही सुचेना, मी म्हटलं, बरा होता, जरा सर्दी झालेली वाटत होती. तेव्हापासून त्या तुझ्यासाठी सुंठ कुटून ठेवताहेत.

तेव्हा फोन करायची बुद्धी झालीच कधी, तर नाकात बोल.

ऋजुता